डग्ग्याचा घुमारा ऐकू यावा म्हणून: गाडीत सबवूफर आणि अँप बसवताना

माझी गाडी २०१८ सालची पेट्रोल स्विफ्ट. कंपनीचा स्टीरिओ चालू, चारही दारांतले स्पीकर चालू, तक्रार करावी असं काही नाही. फक्त तबला लागला की 'ना' आणि 'तिट' खणखणीत यायचे आणि डग्ग्यावरचा 'घे' कुणीतरी गिळल्यासारखा व्हायचा. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड तर शोधूनही सापडायची नाही. मी हौसेने तबला शिकते. भोसरी एमआयडीसीत जाण्यायेण्यात रोजचे दोन तास गाडीत जातात आणि श्रवण काय ते तेवढ्याच वेळात होतं. दिवाळी संपल्यावर ठरवलं की याचं काहीतरी करायचं: खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर, म्हणजे सबवूफर (बोलताना नुसता वूफर), आणि त्याला ताकद देणारा ॲम्प्लिफायर, म्हणजे अँप, बसवायचा.

कंपनीत मी कॅलिब्रेशनचं काम बघते, त्यामुळे मीटर हातात धरायची सवय आहे. पण गाडीच्या ऑडिओतलं शून्य कळत होतं, आणि जिथे विचारावं तिथे प्रत्येकजण आपल्याकडे शिल्लक असलेला माल हाच उत्तम म्हणून सांगत होता. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. ६ नोव्हेंबरला नाना पेठेत गेले. गाड्यांचे सुटे भाग आणि ॲक्सेसरीजची दुकानं तिथे ओळीने आहेत. पहिल्या दुकानात विचारलं, "कसली गाणी ऐकता, ताई?" म्हटलं, शास्त्रीय, जास्त करून तबला. "मग वूफर कशाला घेता? ट्विटर बदला." (ट्विटर म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर.) दुसऱ्या दुकानात बारा इंची वूफर तयार खोक्यात बसवून ठेवला होता, त्यावर '१२०० वॉट' असं ठळक लिहिलेलं, जोडीला '२०००  वॉट'चा अँप. वायरिंग आणि मजुरीसकट चौदा हजार, संध्याकाळी गाडी परत. लावून दाखवला तेव्हा काउंटरवरचा चहाचा कप जागचा हलला. आरएमएस किती, असं विचारल्यावर दुकानदार म्हणाला, "ताई, आवाज ऐका ना, आकडे काय ऐकायचेत!"

आकडेच ऐकायचे असतात. खोक्यावरचा मोठा आकडा 'मॅक्स' किंवा 'पीक' असतो, म्हणजे क्षणभरासाठीचा किंवा निव्वळ जाहिरातीचा. सतत किती वॉट पेलेल ते आरएमएसवरून कळतं. अँपवर सीईए-२००६ असा उल्लेख असेल तर बरं, कारण त्या मानकात १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्क्यापर्यंत विकृती धरून मोजलेले वॉट सांगावे लागतात. तो उल्लेख नसेल तर सोपी परीक्षा म्हणजे अँपच्या कडेला लावलेला फ्यूज बघायचा. त्या '२००० वॉट'च्या अँपवर ३० अँपिअरचा एकच फ्यूज होता. ३० गुणिले १३.८ व्होल्ट म्हणजे ४१४ वॉट. बॅटरीकडून तो सतत ओढून ओढून एवढंच ओढणार, त्यातलाही काही भाग उष्णतेत जाणार. मग बाहेर दोन हजार कुठून येणार?

त्या दिवशी काहीच घेतलं नाही. मात्र तिसऱ्या दुकानातल्या फिटरने एक चांगली गोष्ट सांगितली: "ताई, आधी पुढच्या दारांना डँपिंग करा, मग ठरवा वूफर पाहिजे का." हा सल्ला देऊन त्याचा फायदा कमीच झाला असता, म्हणून विश्वास बसला.

दाराचा पत्रा पातळ असतो आणि आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात. स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा मागची हवा उलट्या दिशेने हलते. त्या भोकांतून ती पुढच्या हवेत मिसळली की दोन्ही एकमेकांना मारतात, आणि सगळ्यात आधी मरतो तो खालचा सूर. डँपिंग म्हणजे ब्यूटाइल रबराचे ॲल्युमिनियमचा पातळ थर लावलेले चिकट पत्रे. बाहेरच्या पत्र्याला आतून लावले की त्याचं थरथरणं कमी होतं, आणि आतल्या पत्र्याची भोकं बुजवली की दाराचं जवळपास बंद खोकं होतं. डांबराचे स्वस्त पत्रेही मिळतात, पण एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत त्यांचा वास येतो. ब्यूटाइलच घ्या. फक्त पुढच्या दोन दारांचे मजुरीसकट ४,००० रुपये झाले. दाराच्या तळाला पाणी निथळायची भोकं असतात, ती झाकू देऊ नका. पावसाळ्यात दार कुजेल.

फरक इतका पडला की दोन आठवडे मी वूफरचा विषयच काढला नाही. दार बंद करतानाचा 'खण्ण' जाऊन 'धप्प' असा आवाज यायला लागला आणि डग्ग्याचा ठोका ऐकू यायला लागला. ज्यांना नुसतं ऐकायला बरं लागेल एवढंच हवंय, त्यांनी इथे थांबायला हरकत नाही. मला ठोक्यामागून येणारा घुमारा हवा होता, आणि साडेसहा इंची दारातले स्पीकर ७० हर्ट्झच्या खाली फारसं काही देत नाहीत.

मग काय घ्यायचं? सीटखाली बसणारा सपाट वूफर एका सहकाऱ्याच्या सीएनजी वॅगन आरमध्ये ऐकला. त्याची डिकी सिलिंडरने भरलेली, त्यामुळे त्याला दुसरा पर्यायच नव्हता. अँप आतच असतो, जागा खात नाही, आणि ५० हर्ट्झच्या वर तो चांगलाच वाजत होता. त्याखाली मात्र नुसता वारा. बेसट्यूब (नळकांड्यात बसवलेला वूफर) स्वस्त मिळते, पण मी ऐकल्या त्या सगळ्या एकाच सुरात घूं घूं करत होत्या. डग्गा चढला काय नि उतरला काय, ट्यूबचा सूर तोच. राहिला तो खोक्यातला वूफर.

दहा इंची की बारा इंची, यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझ्या मते त्याहून महत्त्वाचा प्रश्न खोकं बंद की पोर्टचं, हा आहे. पोर्टचं खोकं, म्हणजे ज्याला नळीसारखं तोंड असतं ते, ठरावीक कंपनाच्या आसपास तेवढ्याच वॉटमध्ये जास्त दणका देतं, पण त्याखाली त्याचा आवाज दर सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो. बंद खोक्याचा १२ डेसिबलनेच उतरतो. आता गंमत बघा: गाडीची बंद केबिन स्वतःच खालच्या सुरांना वर उचलते, तेही साधारण त्याच हिशोबाने. बंद खोक्याचा उतार आणि केबिनचा चढ एकमेकांना सांभाळून घेतात. घरात जो बंद खोक्याचा वूफर अपुरा वाटेल, तो गाडीत भरून वाजतो. शिवाय खोकं लहान राहतं. स्विफ्टची डिकी २६८ लिटरची. आई-बाबांना घेऊन गावी जायचं तर तिच्यात दोन बॅगा मावल्याच पाहिजेत.

कुठला वूफर कुठल्या खोक्यात शोभेल हे त्याच्या कागदावर लिहिलेलं असतं. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी जे गणित मांडलं, त्यावरून या आकड्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. एफएस, क्यूटीएस, क्यूईएस, व्हीएएस अशी नावं वाचून घाबरू नका. एफएसला क्यूईएसने भागायचं. उत्तर ५० च्या आसपास किंवा खाली आलं तर बंद खोकं, शंभराकडे गेलं तर पोर्ट. मी निवडलेल्या दहा इंची वूफरचं उत्तर ५५ आलं. आरएमएस ३०० वॉट, एकच व्हॉइस कॉइल (पडदा हलवणारी तारेची गुंडाळी), ४ ओहम, किंमत ५,२०० रुपये. ज्या वूफरचा हा कागद दुकानदार दाखवू शकत नाही, तो घेऊ नये असं माझं मत आहे.

दोन कॉइलचे वूफरही मिळतात. ४-४ ओहमच्या दोन कॉइल पॅरलल जोडल्या की २ ओहम, सिरीजमध्ये ८ ओहम. ओहम कमी तसा अँपमधून जास्त करंट वाहतो, जास्त वॉट मिळतात आणि अँप जास्त तापतो. अँप २ ओहमला चालतो असं त्याच्या कागदावर लिहिलेलं असल्याशिवाय २ ओहमची जोडणी करू देऊ नका. मला ही भानगडच नको होती.

अँप निवडायला वेळ लागला. वूफर ३०० वॉटचा, म्हणून ४ ओहमला ३०० आरएमएस देणारा मोनो अँप हवा होता. वर्ग डी, कारण तो ८० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम असतो. एबी वर्गाचा अँप त्याच कामाला बराच जास्त करंट ओढतो, आणि माझ्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. तिसरी अट अशी की अँपला हाय-लेव्हल इनपुट हवा. मला कंपनीचा स्टीरिओ बदलायचा नव्हता (स्टिअरिंगवरची बटणं त्याच्याशी जोडलेली आहेत), आणि त्याला मागे आरसीए, म्हणजे अँपला सिग्नल देणारी, जोडणी नाही. हाय-लेव्हल इनपुट असेल तर स्पीकरच्या वायरीतूनच सिग्नल घेता येतो, आणि काही अँप तो सिग्नल ओळखून आपोआप चालू होतात, वेगळी रिमोट वायर ओढावी लागत नाही. अँपमध्ये ही सोय नसेल तर लाइन आउटपुट कन्व्हर्टर नावाचा छोटा डबा मध्ये लावावा लागतो.

असा अँप पुण्यात त्या वेळी कुठल्याच दुकानात तयार नव्हता. २७ नोव्हेंबरला २,००० रुपये आगाऊ देऊन मुंबईहून मागवला, किंमत ९,८००. "चार दिवसांत येतो" म्हणाले. चार दिवसांचे दोन आठवडे झाले. आगाऊ रकमेची पावती घ्या आणि त्यावर मॉडेलचा पूर्ण नंबर लिहून घ्या. माझ्या बाबतीत मधेच "त्याच कंपनीचा दुसरा आलाय, त्याहून भारी" असा फोन आला होता. त्या भारी अँपला हाय-लेव्हल इनपुट नव्हता. पावतीवर नंबर होता म्हणून वाद तिथेच संपला.

तेवढ्या वेळात खोकं करून घेतलं. भवानी पेठेत टिंबर मार्केटमधून १८ मिलिमीटरचा एमडीएफ कापून आणला आणि ओळखीच्या सुताराकडे दिला. वूफरच्या कागदात पाऊण घनफूट, म्हणजे २१ लिटर सांगितलं होतं. बाहेरून ४० बाय ३४ बाय २५ सेंटिमीटर घेतलं की आतली जागा साडेतेवीस लिटरच्या आसपास येते, आणि त्यातून वूफरचं धूड वजा केलं की हवं ते माप मिळतं. लग्नसराईचे पलंग-कपाटं चालू असल्यामुळे सुताराने आठवडाभर हात लावला नाही. सांधे फेविकॉल आणि स्क्रूने आवळून आतून सिलिकॉन भरायला सांगा, कारण बंद खोक्याला फट चालत नाही. आत उशीतला फायबर सैलसर भरला. वरून काळा कार्पेट. सगळं मिळून २,६०० रुपये, आणि पावती नाही. ती नसल्याचा परिणाम पुढे विम्यात आला.

वायर. इथे पैसे वाचवायचा मोह होतो आणि दुकानदारही तो वाढवतो. हिशोब असा: ३०० वॉट भागिले ०.८ म्हणजे ३७५ वॉट, भागिले १३.८ व्होल्ट म्हणजे २७ अँपिअर. एवढ्या करंटला बॅटरीपासून डिकीपर्यंत ८ गेजची तांब्याची वायर पुरते. पण बाजारातल्या बहुतेक तयार किटमध्ये सीसीए असते, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. त्याच जाडीत ती तांब्याच्या साधारण दोन-तृतीयांशच करंट नीट वाहून नेते. ओळखायचं कसं? एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर सीसीए. मला दाखवलेल्या पहिल्या दोन किटवर 'शुद्ध तांबं' छापलेलं होतं आणि दोन्ही आतून पांढरी निघाली. खऱ्या तांब्याचं किट ४० अँपिअरच्या फ्यूजसकट २,९०० रुपयांना मिळालं.

११ डिसेंबरला अँप आला आणि त्याच दिवशी फिटिंग झालं. सकाळी दहाला गाडी दिली, पाच वाजता मिळाली, मजुरी २,०००. मी तिथेच स्टूल टाकून बसले. फिटरदादा पहिल्यांदा अवघडले, नंतर स्वतःहून दाखवायला लागले. काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह काढतात. काही स्टीरिओ त्यानंतर कोड मागतात, त्या कोडचं कार्ड गाडीच्या कागदांत असतं, ते आधीच शोधून ठेवा. पॉवरची वायर फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) रबरी ग्रोमेटातून आत घेतली, डाव्या बाजूच्या पट्टीखालून मागे नेली, आणि सिग्नलची उजव्या बाजूने. दोन्ही एकत्र नेल्या की अल्टरनेटरची कुरकुर स्पीकरमध्ये उतरायची शक्यता वाढते. स्टीरिओच्या मागे मूळ वायर कापू दिली नाही, कपलर लावून त्यातून सिग्नल घेतला. गाडी वॉरंटीत असेल तर हे फारच महत्त्वाचं आहे, कारण कापलेली वायर दिसली की सर्व्हिस सेंटरला इलेक्ट्रिकल तक्रार नाकारायला कारण मिळतं.

एकाच मुद्द्यावर आमचं वाजलं. दादांना फ्यूज अँपजवळ लावायचा होता, "मागे दिसतो, बदलायला सोपा." पण तो फ्यूज वायरसाठी असतो. बॅटरी ते डिकी एवढ्या लांबीत वायर कुठे पत्र्यावर घासून उघडी पडली तर तिथून आग लागू शकते, आणि फ्यूज मागे असेल तर तो बघत बसेल. तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच हवा. बोनेटखाली लावून घेतला.

घरी येताना ९० टक्के खूश होते. उरलेले दहा टक्के म्हणजे ॲक्सिलरेटर दाबला की वूफरमधून येणारी बारीक कुईं, इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी. दोन दिवसांनी मीटर लावून बघितलं: इंजिन चालू, गाणं चालू, एक टोक अँपच्या अर्थवर (गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या निगेटिव्ह वायरवर) आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर. व्होल्टेज जवळपास शून्य दिसायला हवं होतं, तिथे अर्धा व्होल्ट येत होता. अर्थच्या वायरीच्या टोकाची थिंबल रंगवलेल्या पत्र्यावर आवळली होती. पुढच्या गुरुवारी दुकानात परत गेले. त्यांनी कटकट न करता स्टेपनीजवळ पत्रा सँडपेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, वायर फूटभर केली, वरून ग्रीस लावलं. आवाज गेला. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थ देऊ नका, कुणी कितीही सांगो. तो बोल्ट जीव वाचवण्यासाठी आहे.

विम्याचं याच आठवड्यात केलं, कारण ते लांबलं की राहूनच जातं. गाडी बनवणाऱ्याने बसवून न दिलेली इलेक्ट्रिकल वस्तू पॉलिसीत आपोआप येत नाही, ती वेगळी नोंदवावी लागते. मोटर टॅरिफमध्ये यासाठी आयएमटी २४ हे एंडोर्समेंट (पॉलिसीला जोडायची पुरवणी) आहे आणि त्याचा वर्षाचा दर वस्तूच्या किमतीच्या ४ टक्के. विमा कंपनीला ईमेल केला, जीएसटीची बिलं आणि फोटो जोडले. वूफर, अँप आणि वायरिंग मिळून १७,९०० रुपये धरले गेले. सुताराचं खोकं पावतीअभावी गेलं. पॉलिसीचे सात महिने शिल्लक होते, त्यामुळे प्रीमियम आणि त्यावरचा जीएसटी मिळून पाचशेच्या आत भागलं. मधे त्यांनी "फोटोत गाडीचा नंबर दिसत नाही" म्हणून एकदा परत पाठवलं. डिकी उघडी ठेवून, नंबर प्लेट आणि अँप एकाच फोटोत येतील असा फोटो पहिल्यांदाच काढा. दहाएक दिवसांत एंडोर्समेंटचा कागद आला.

आता ट्यूनिंग. यासाठी जागा महत्त्वाची. सोसायटीच्या पार्किंगमध्ये करू नये. खालचा सूर भिंतीतून आरपार जातो आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंना गाणं ऐकू येत नाही, नुसती धडधड ऐकू येते. नियमही आहे: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. गुरुवारी भोसरी एमआयडीसी बंद असते, आतले रस्ते ओस. सुट्टीच्या दिवशी कामाच्याच ठिकाणी जायचं जिवावर आलं, पण एवढी शांत जागा दुसरी सुचली नाही.

गेनपासून सुरुवात. गेनचा खटका आवाज वाढवायला असतो असं बहुतेकांना वाटतं. स्टीरिओकडून येणारा सिग्नल आणि अँपची ताकद यांचा मेळ घालणं एवढंच त्याचं काम. तो जास्त फिरवला की अँप सिग्नलचे माथे छाटतो, वूफर तापतो आणि एक दिवस जळका वास येतो. वूफर जळतात ते बहुतेक असे. कृती सोपी आहे. पेनड्राइव्हवर ५० हर्ट्झचा शून्य डेसिबलचा टोन घ्या. स्टीरिओचे बेस, ट्रेबल शून्यावर. अँपचा बेस बूस्ट शून्यावर, गेन तळाला, वूफरची वायर काढलेली. इंजिन चालू. स्टीरिओचा आवाज पाऊणावर न्या. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अँपच्या स्पीकर टर्मिनलला लावा. किती व्होल्ट हवेत? वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ३०० गुणिले ४ म्हणजे १,२००, वर्गमूळ ३४.६. गेन हळूहळू वाढवत ३४ व्होल्टला थांबा. ही वरची हद्द झाली. याच्या पुढे कधी जायचं नाही.

वूफर जोडून तबला लावला आणि हसू आलं. डग्गा इतका मोठा की ढोल-ताशा पथक डिकीत बसवल्यासारखं वाटत होतं. गेन कमी करत करत २४ व्होल्टवर आले, म्हणजे साधारण १४४ वॉट, विकत घेतलेल्या ताकदीच्या निम्मे. म्हणून म्हणते, चौदा हजारांत दोन हजार वॉट मिळतात म्हणून हुरळून जाऊ नका. लहानशा हॅचबॅकच्या केबिनला दीडशे खरे वॉट भरपूर होतात.

पुढचं काम लो-पास फिल्टरचं, म्हणजे वूफरने कुठल्या कंपनाच्या खालीच वाजायचं ते. १२० हर्ट्झला ठेवला तेव्हा डग्गा मागच्या सीटवर आणि तबला डॅशबोर्डवर, असे दोन वेगळे वादक गाडीत बसलेले. ८० ला जवळ आले, ७० ला एक झाले. दारातल्या स्पीकरांवरचा खालच्या सुरांचा भार काढायचा होता, पण कंपनीच्या स्टीरिओत हाय-पासची, म्हणजे खालचे सूर अडवायची, सोय नाही. मग बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळून १००० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आणले. दोन कपॅसिटर निगेटिव्हला निगेटिव्ह जोडले की ५०० मायक्रोफॅरडचा, दोन्हीकडून चालणारा एक कपॅसिटर होतो, आणि ४ ओहमच्या स्पीकरच्या सिरीजमध्ये तो बरोबर ८० हर्ट्झपासून खालचं उतरवायला लागतो. उतार हलका आहे, पण १२० रुपयांत स्पीकर मोकळा झाला आणि गायकाचा आवाज साफ झाला. सगळ्या खर्चात मला सगळ्यात जास्त आनंद या १२० रुपयांचा आहे.

मग फेज, म्हणजे वूफरचा पडदा दारातल्या स्पीकरांबरोबर हलतो की त्यांच्या उलटा, ते. अँपवर शून्य आणि १८० असा खटका असतो. ८० हर्ट्झचा टोन लावून ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं, दुसऱ्याला खटका बदलायला सांगायचं, जिकडे आवाज भरीव तिकडे ठेवायचं. मला मदतीला भाचा होता. त्याने दर वेळी "आता? आता?" विचारून डोकं उठवलं, पण निकाल स्पष्ट होता: १८०. कारण कागदावर काढता येतं. ८० हर्ट्झची एक लाट ४.३ मीटर लांब असते, आणि वूफर माझ्या कानापासून दारातल्या स्पीकरपेक्षा मीटरभर लांब आहे. म्हणजे पाव लाटेचा उशीर, वर फिल्टरचा वेगळा. तिथे दोन आवाज एकमेकांना मारत होते. खटका फिरला आणि गेनला हात न लावता बेस वाढला.

मोबाइलवरच्या स्पेक्ट्रम ॲपने २० ते १०० हर्ट्झचा सरकता टोन मोजला. मोबाइलचा माइक खालचे सूर कमी दाखवतो, त्यामुळे आकडे खरे धरायचे नाहीत, दोन मांडण्यांची तुलना करायला मात्र उपयोग होतो. वूफरचं तोंड सीटकडे असताना ५० च्या आसपास मोठा उंचवटा होता. तोंड मागच्या दाराकडे करून चार बोटं जागा सोडली तेव्हा तो बराच बसला.

त्याच सरकत्या टोनने गाडीतलं काय काय खुळखुळतं ते कळलं. पार्सल ट्रेचे खुंटे, मागच्या दाराचं प्लॅस्टिक, आणि सगळ्यात मोठ्याने नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना महाराष्ट्रात बसवायला लावलेली ही एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) प्लेट स्नॅप लॉकने पक्की केलेली असते. ते लॉक तोडल्याशिवाय निघत नाही, आणि तोडलं की परत बसत नाही. प्लेट न काढता कडेने पट्टीने ढकलून फोमची टेप मागे सरकवली. बाकी ठिकाणी फेल्टची टेप. यात एक पूर्ण गुरुवार गेला, आणि सगळं शांत झाल्यावर खालचा सूर आधीपेक्षा स्वच्छ लागला.

८ जानेवारीला गुरुजींना क्लासवरून घरी सोडताना त्यांनीच वाजवलेल्या पेशकाराचं रेकॉर्डिंग लावलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "या दिवशी डग्गा उतरला होता माझा. तेव्हा कुणी बोललं नाही." मी गेन अजून थोडा खाली आणला.

खर्च एकूण २६,६२० रुपये झाला, विमा वेगळा. आता अँपवर गेन २२ व्होल्टला, लो-पास ७० हर्ट्झ, फेज १८०, बेस बूस्ट शून्य. सबसॉनिक फिल्टर (अगदी तळाचे सूर अडवणारा) बंद खोक्याला गरजेचा नव्हता, तरी २५ हर्ट्झला लावून ठेवलाय. सगळ्या खटक्यांवर पांढऱ्या मार्करने खूण केली आणि फोटो काढून ठेवला, कारण सर्व्हिसिंगला गाडी दिली की कुणीतरी फिरवून बघतंच. इंजिन बंद ठेवून अर्ध्या तासापेक्षा जास्त ऐकत नाही. बॅटरी नीट भरलेली असताना १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या खाली गेली की बंद करायचं. आई-बाबांबरोबर गावी जाताना खोक्याच्या दोन वायरी सोडवते, खोकं घरी ठेवते आणि उघडी टोकं इन्सुलेशन टेपने बांधते. तेवढ्यापुरता डग्गा गायब, पण बॅगा मावतात.